धागा: ज्युलिया डोनाल्डसनची प्राण्यांची पुस्तकं, अन् "यातून काय शिकायचं?"

दुधनाकाठची
नमस्कार मंडळी, मी सेलूची. विषय हलकाफुलका आहे पण आमच्या घरात त्यावरून रोज रात्री जुंपतेय म्हणून इथं टाकायलेय. नणंदेनं पुण्याहून लेकीसाठी (साडेचार वर्षांची) ज्युलिया डोनाल्डसन नावाच्या इंग्रज बाईंची दोन-तीन चित्रपुस्तकं आणली. त्यातलं 'द ग्रफलो' तर लेकीनं पार खिळखिळं करून टाकलंय. गोष्ट अशी की एक चिमुकला उंदीर जंगलातून चाललाय, वाटेत कोल्हा भेटतो, मग घुबड, मग साप. सगळे लै गोड बोलून त्याला घरी जेवायला बोलावतात, म्हणजे जेवण कुणाचं व्हणार ते कळलंच असेल. तर उंदीर म्हणतो नको बाबा, माझं ग्रफलोसोबत ठरलंय. आता ग्रफलो म्हणून कुणी नसतंच, पण हा पठ्ठ्या त्याचे सुळे, नखं, नाकावरचा विषारी फोड असं सगळं रंगवून सांगतो अन् वर म्हणतो त्याला भाजलेला कोल्हा फार आवडतो. कोल्हं पळतंय. घुबड पळतंय. साप पळतोय. आणि पान उलटलं की खरोखरचा ग्रफलो समोर उभा!! तिथं माझी लेक किंचाळून चादरीत घुसते, रोज, जसं काही काल वाचलंच नव्हतं.

मी पुस्तकातलं इंग्रजी बघत बघत तोंडानं आपल्या बोलीत सांगते. अडचण सासऱ्यांची. गोष्ट संपली की ते खाटेवरून विचारतात, "बरं, मग यातून काय शिकायचं? उंदीर तर साफ खोटं बोललाय." माझ्याकडं उत्तर नाही, आणि खरं सांगू का, उत्तर असायलाच पाहिजे का हाच माझा प्रश्न आहे. कुणी या बाईंची अजून पुस्तकं वाचलीत का? लेकरांना काय आवडलं? आणि मराठीत असं हसवणारं, प्राण्यांचं, चित्रांचं काय काय मिळतं तेही सांगा.

पैठणचा_रेडा
ताई सासऱ्यांना सांगा आमच्या गावात माउलींनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, त्यावर कुणी विचारलं नाही की यातून रेडा काय शिकला. 😂 उंदरानं दोन थापा मारल्या तर एवढं काय.

लातूर_ते_लीड्स
अरे वा, आपल्या मंचावर डोनाल्डसनबाई! मी मूळचा निलंग्याकडचा, आता बरीच वर्षं इकडं इंग्लंडात, दोन पोरं याच पुस्तकांवर वाढली म्हणून जरा पाल्हाळ लावतो, सांभाळून घ्या.

बाई १९४८ च्या, लंडनच्या. मूळ काम गाण्याचं. नवरा माल्कम, तो पेशानं डॉक्टर पण गिटारवाला, दोघं तरुणपणी पॅरिसच्या रस्त्यावर गाऊन पैसे जमवायचे, पुढं बीबीसीच्या लहान मुलांच्या कार्यक्रमांसाठी बाईंनी गाणी लिहिली. त्यातल्याच एका गाण्याचं १९९३ ला पुस्तक झालं, 'अ स्क्वॉश अँड अ स्क्वीझ', ते त्यांचं पहिलं, तेव्हा बाई पंचेचाळिशीला आलेल्या. गोष्ट म्हणजे एक म्हातारी कुरकुरते की घर लहान पडतं, शहाणा माणूस सांगतो कोंबडी घरात घे, मग शेळी घे, मग डुक्कर, मग गाय. घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. मग म्हणतो आता सगळी बाहेर काढ. काढल्यावर तेच घर म्हातारीला ऐसपैस वाटायला लागतं. मी हे आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणली आमच्या माळवदाच्या घरात शेळी, कालवड अन् तुम्ही चार भावंडं होतात, मला कुणी शहाणा भेटला नाही.

ग्रफलो १९९९ चं. मुळात एका जुन्या चिनी गोष्टीवर बेतलंय, त्यात मुलगी वाघाला फसवते. बाईंना वाघाला यमकच जमेना, म्हणून मग त्यांनी नवाच प्राणी जन्माला घातला. आणि हे लिखाण एका प्रकाशकाकडं कितीतरी दिवस पडून होतं बरं का. शेवटी बाईंनी ते चित्रकार अॅक्सल शेफ्लरला पाठवलं, तिथून चक्रं फिरली. आज शंभरावर भाषांत आहे. २००९ च्या नाताळात बीबीसीवर अर्ध्या तासाचा सिनेमा आला, त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं.

अंबाजोगाईकर_गुरुजी
चर्चा वाचली. मी छत्तीस वर्षे शिक्षकी केली आहे म्हणून थोडे लिहितो. दुधनाकाठच्या ताईंच्या सासऱ्यांचा प्रश्न टवाळीवारी नेऊ नये. आपल्याकडे प्राण्यांच्या गोष्टी सांगण्यामागे हेतू होता. विष्णुशर्म्याने राजाच्या तीन मठ्ठ मुलांना सहा महिन्यांत शहाणे करायचे म्हणून पंचतंत्र सांगितले. सशाने सिंहाला विहिरीत उडी मारायला लावली ती नुसती गंमत नव्हे, बुद्धी बळापेक्षा मोठी हे त्यात आहे. नुसते हसवून सोडून दिले तर मुलाच्या हाती काय लागले? आणि खोटे बोलून सुटका होते हे साडेचार वर्षांच्या मुलीला रोज रात्री सांगावे का, हा प्रश्न मला तरी गैरवाजवी वाटत नाही.

देवणी_वळू
गुरुजी नमस्कार. पण सशानं सिंहाला "विहिरीत दुसरा सिंह हाय" म्हणलं ते खरं होतं व्हय? 🙏

अंबाजोगाईकर_गुरुजी
ती युक्ती होती.

पैठणचा_रेडा
ससा करतो ती युक्ती, उंदीर करतो ते खोटं. उंदराला वाली नाही बघा कुणी.

खडूफळा
मी बीड जिल्ह्यात जि.प. शाळेवर आहे. आमच्याकडं दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, कोयता उचलतं अन् निघतं, त्यांची लेकरं मागं राहावीत म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह असतं. म्हणजे आजी-आजोबांकडं झोपायचं, दोन वेळचं जेवण शाळेत. संध्याकाळचा वेळ लै अवघड असतो, अंधार पडायला लागला की बारकी पोरं आईच्या आठवणीनं गप होतात. तेव्हा मी गोष्टी वाचतो. ग्रफलो एका ओळखीच्या ताईंनी दिलं होतं, ते पण वाचलंय, म्हणून लिहितोय.

पहिलं सांगतो, आमच्या पोरांनी ग्रफलोला जंगलात ठेवलंच नाही. दुसऱ्याच दिवशी तो उसात राहायला गेला. कारण आईबाप तिकडं पश्चिमेला ज्या फडात असतात तिथं बिबट्या असतो हे प्रत्येकाला माहिती, फोनवर रोज तेच ऐकतात. मग एक दुसरीतला पोरगा म्हणला, "सर, हे उंदीर माझ्या बापासंगं पाहिजे होतं." सगळे हसले, तो पण हसला. आता गुरुजी, तुम्ही मोठे आहात, मी तुमच्यापुढं लहान, पण सांगा यात मी तात्पर्य कुठं चिकटवू? भीती काय असती ते त्या पोराला माझ्यापेक्षा जास्त माहिती. त्याला त्या भीतीवर हसायला मिळालं, मला तेवढं बास होतं.

दुसरं म्हणजे ही गोष्ट बांधली कशी ते बघा. तीनदा तेच तेच घडतं, थोडं थोडं बदलून. तिसऱ्यांदा पोरं माझ्याआधी बोलायला लागतात. वाचता न येणारं पोरगं सुद्धा पुढचं वाक्य सांगतं आणि त्याला वाटतं आपल्याला वाचता यायलं. मग नेमकं पान उलटायच्या जागी धक्का. मी तिथं मुद्दाम थांबतो, बोटाला थुंकी लावतो, पान उलटत नाही, पोरं बोंबलतात "उलटा की ओ सर!" आणि नंतर तोच उंदीर खऱ्या ग्रफलोला घेऊन त्याच वाटेनं उलटा जातो, आधी साप, मग घुबड, मग कोल्हा. सगळे ग्रफलोला बघून पळतात पण ग्रफलोला वाटतं हे उंदरालाच भ्यायले. पहिली-दुसरीच्या पोरांना हे बरोबर कळतं, कोण कुणाला काय समजतंय ते. आम्ही ट्रेनिंगमध्ये याला मोठमोठी नावं ऐकतो, इथं ते हसत हसत व्हतंय.

आणि वाचल्यावर प्रश्न विचारायचे नाहीत. मी बघितलंय, "सांगा बरं काय शिकलात" म्हणलं की पोरं हाताची घडी घालून ताठ बसतात आणि "खोटे बोलू नये" असं एका सुरात ओरडतात, कुठल्या पण गोष्टीला. तहानलेल्या कावळ्याला पण तेच.

सीताफळ
तहानलेल्या कावळ्याला खोटे बोलू नये 😂😂 मी हे वाचून ऑफिसात हसले.

मी छ. संभाजीनगरची, मुलगा तीन वर्षांचा. आमच्याकडे डोनाल्डसनचं 'मंकी पझल' हिट आहे. माकडाचं पिल्लू आई शोधतंय, फुलपाखरू मदत करतं, पिल्लू म्हणतं आई माझ्यापेक्षा मोठी आहे, की फुलपाखरू त्याला हत्तीकडे नेतं. शेपूट आहे म्हटलं की सापाकडे. दर वेळी चुकीचा प्राणी! मला आधी वाटलं हे फुलपाखरू बावळट आहे, मग शेवटी कळतं की फुलपाखराची पिल्लं म्हणजे अळ्या, त्या काही आईसारख्या दिसत नाहीत, त्यामुळे पिल्लू आईसारखं दिसतं हे त्या बिचारीच्या डोक्यातच येत नाही. केवढं हुशार आहे ना हे! अख्खं विज्ञान एका विनोदात. नंतर सिद्धार्थ उद्यानात गेलो तर आमचे चिरंजीव प्रत्येक पिंजऱ्यापाशी थांबून जोरात "ही आई नाही!" आणि लोक माझ्याकडे बघतायत.

तक्रार एकच, किमती. एकेक पुस्तक तीनशे-चारशेच्या घरात जातं आणि पोरगं कोपरे चावतं. इथल्या एका दुकानात गेले तर ते म्हणे मॅडम तसलं नाही, हे घ्या, 'नीतिकथा', पन्नास रुपये. आत कम्प्युटरवर काढलेला सिंह, सगळ्या पानांवर तोच सिंह, एकदा डावीकडे तोंड आणि एकदा उजवीकडे.

देवणी_वळू
मी औशाकडला, शेती अन् जनावरं. या बाईंचं गोगलगायीचं पण पुस्तक हाय म्हणं? पुतणी दावत होती मोबाईलवर. गोगलगाय देवमाशाच्या शेपटावर बसून जगभर फिरती म्हणं. अन् ती हिरोईन!! २०२२ ला आमच्याकडं ह्याच शंखी गोगलगायीनं उगवलेलं सोयाबीन रातच्यारात साफ केलं, लातूर धाराशिव बीड सगळीकडं बोंब, दुबार पेरणी, रातच्याला बॅटऱ्या घेऊन घमेल्यानं गोगलगाया येचल्यात आम्ही. बाईला म्हणावं एक जून-जुलैचा महिना काढ इकडं, मग लिही.

लातूर_ते_लीड्स
वळूशेठ 😄 'द स्नेल अँड द व्हेल', २००३ चं. पण त्यात गोगलगाय तुमच्या सोयाबीनला तोंड लावत नाही, उलट कामाला येते. देवमासा किनाऱ्यावर वाळूत अडकतो, मग ही सरपटत जाते शाळेत आणि फळ्यावर आपल्या चिकट रेषेनं लिहिते की देवमाशाला वाचवा. पोरं धावतात, खड्डा खणतात, अग्निशामक दल पाणी मारतं, भरती येईपर्यंत त्याला ओला ठेवतात. तिचा जो गुण सगळ्यांना नकोसा, तो चिकटपणा, तोच उपयोगी पडतो.

देवणी_वळू
चिकटपणा आमच्या बांधावर पण लै होता.

माळवद
उदगीरहून. आमच्या सार्वजनिक वाचनालयाचं काम बघतो म्हणून दोन शब्द. दोन म्हणतोय पण जास्त होतील.

एक तर गुरुजींनी पंचतंत्र काढलं म्हणून मी पैठण काढतो (रेडेभाऊ, तुमचंच गाव). गुणाढ्याची गोष्ट आठवते का? 'कथासरित्सागरा'त आहे. सातवाहन राजाच्या दरबारातला हा पंडित, त्यानं 'पैशाची' नावाच्या जुन्या प्राकृत भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा रचली, राजानं नाक मुरडलं, असली गावंढळ भाषा नको म्हणला. मग गुणाढ्य रानात गेला, जाळ पेटवला, एकेक पान मोठ्यानं वाचायचा अन् जाळात टाकायचा. ऐकायला कोण? हरणं, डुकरं, पाखरं, सगळी चरणं सोडून भोवती बसली, डोळ्यांत पाणी. इकडं राजाच्या ताटात चांगलं मटण येईना, जनावरं वाळली होती ना! तेव्हा राजा धावत रानात गेला, तोवर सहा लाख जळाले होते, एक लाख उरले. आता बघा, आपल्याकडं जनावरं नुसती गोष्टीत नाहीत, गोष्ट ऐकायला बसलीत. आणि कुणीही त्यांना शेवटी प्रश्न विचारले नाहीत.

चित्रांचं म्हणाल तर अजिंठा. सतरा नंबरच्या लेण्यात जातककथा भिंतभर आहेत, वानरांच्या, हत्तींच्या, हंसांच्या. आणि एक नंबरच्या लेण्यात एका खांबावर चार हरणं कोरलीत, चौघांना मिळून एकच डोकं. ज्याच्याकडनं बघाल त्याचं ते डोकं वाटतं. ती नुसती शिल्पकाराची गंमत आहे. सहलीची पोरं बुद्धाच्या मूर्तीपुढं शांत उभी राहतात आणि त्या हरणांपुढं गलका करतात, "हे याचं, नाही हे त्याचं". दीड हजार वर्षं झाली, विनोद अजून चालतोय.

दुसरं, उंदराच्या खोट्याबद्दल. आपली 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' घ्या. म्हातारी लेकीकडं चाललीय, वाटेत कोल्हा, वाघ, सगळ्यांना म्हणते आत्ता खाऊ नको, लेकीकडं जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होऊन येते मग खा. आणि येताना भोपळ्यात बसून पसार. ही म्हातारी आणि तो उंदीर, यांत मला तरी फरक दिसत नाही. आणि टोपीवाला उंदीर? राजानं टोपी घेतली तर 'राजा भिकारी' म्हणून गावभर ढोल वाजवतो, परत दिली तर 'राजा मला भ्याला' म्हणून वाजवतो. दोन्हीकडनं वाजवणारच. डोनाल्डसनबाईंच्या उंदरापेक्षा आपला उंदीर जास्त आगाऊ आहे.

तिसरं, काय मिळतं मराठीत. विंदांचं 'राणीची बाग' (१९६१), प्राण्यांवरच्या कविता आहेत, मोठ्यानं वाचाव्यात, लेकरांना अर्थ कळायच्या आधी ठेका कळतो. माधुरी पुरंदरे, त्या लिहितात पण स्वतः अन् चित्रं पण स्वतः काढतात. प्राण्यांचंच असं नाही पण हसू अगदी घरातलं असतं, कुठंही उपदेश नाही. 'किशोर' मासिक, बालभारतीचं, १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट वाचता येतात. आणि प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर नावाची साइट, तिथं मराठीत ढिगानं चित्रगोष्टी, फुकट उतरवून घ्या, छापा, वाटा, परवानगीच दिलेली आहे. सगळ्याच चांगल्या नाहीत, निवडाव्या लागतात. सीताफळ ताई, चावणाऱ्या पोराला हे बरं, कागद स्वस्त.

सीताफळ
स्टोरीवीव्हर माहीत नव्हतं, थँक यू दादा!

अंबाजोगाईकर_गुरुजी
माळवद यांची पोस्ट आवडली. गुणाढ्याचा दाखला चपखल आहे. तरी माझे म्हणणे मी सोडत नाही. 'राजा भिकारी' मध्ये सत्ताधाऱ्याला बारक्याने सुनावणे आहे, भोपळ्यात म्हातारीचे धाडस आहे. म्हणजे काहीतरी आहेच. ते मुलांना सापडावे असे मला वाटते. फरक इतकाच की खडूफळा सर म्हणतात ते आपोआप सापडेल आणि मी म्हणतो थोडी बोट धरायला हरकत नाही. माझ्या वर्गात मुले घडी घालून बसत ते खरे आहे, पण ती पुढे वाचतही राहिली. त्यातली काही आज इथे लिहीत असतील.

खडूफळा
गुरुजी हे मान्य. बोट धरा, फक्त गोष्ट संपल्या संपल्या नको. दुसऱ्या दिवशी धरा. त्या क्षणी पोरगं अजून जंगलात असतं.

पैठणचा_रेडा
उसात.

लातूर_ते_लीड्स
चित्रांवर कुणी फार बोललं नाही म्हणून. शेफ्लर जर्मन आहे, हॅम्बुर्गचा. त्यानं पहिल्यांदा काढलेला ग्रफलो लैच भयंकर होता, संपादकांना वाटलं पोरं घाबरतील, मग तो गोलमटोल केला, थोडा बावळट. पण सुळे, नखं, फोड सगळं ठेवलं. आणि त्याला वाटत होतं प्राण्यांना कपडे घालावेत, बाई नको म्हणल्या, आणि बरंच झालं, टाय लावलेला कोल्हा कोण भिईल. नंतरच्या पुस्तकांत तो कुठंतरी कोपऱ्यात ग्रफलो लपवून ठेवतो, माझी पोरं आधी तेच शोधतात, गोष्ट नंतर.

बाईंचा अजून एक पैलू सांगायचा राहिला. २०११ ते १३ त्या इकडच्या 'चिल्ड्रन्स लॉरिएट' होत्या, म्हणजे बालसाहित्याचा मानाचा हुद्दा. तेव्हा इकडं वाचनालयं बंद व्हायला लागली होती, तर बाई गिटारवाला नवरा घेऊन गावोगाव वाचनालयांत गेल्या, मुलांसोबत गोष्टी करून दाखवल्या, बंद करू नका म्हणून भांडल्या. वाचून दाखवणं म्हणजे बसून वाचणं नाही त्यांच्या लेखी, उठून नाचणं, गाणं, पोरांनाच उंदीर कोल्हा करणं.

आणि दुधनाकाठच्या ताई, तुम्ही बोलीत सांगता ते सोडू नका. इकडं ग्रफलो स्कॉट्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या भाषेत, तर आहेच, पण शेटलंड, ऑर्कनी, डंडी असल्या ठिकाणच्या बोलींत पण वेगळा छापलाय. कुठं बारकी बारकी बेटं, कुठं एखादं शहर, तिथल्या लेकरांसाठी त्यांच्या आजीच्या भाषेत. मग आपल्या परभणी-लातूरच्या लेकरांनी काय घोडं मारलं?

माळवद
हे भारी सांगितलं. आमच्या वाचनालयात बालविभागाचं कपाट आहे, पण त्यातली निम्मी पुस्तकं पुण्या-मुंबईच्या भाषेत, पोरं 'इश्श' वर अडतात. मी म्हणतो आपणच एखादी करू. भाषांतर नको, त्यांच्या पुस्तकाचे हक्क असतात. आपली नवी, आपल्या जनावराची.

देवणी_वळू
मी करतो. आत्ता बसल्याजागी, म्हशीचं दूध काढून झालंय.

शेळी चढली लाल परीत,
खिडकीपाशी जागा धरीत.
कंडक्टर आला, तिकीट फाडलं,
शेळीनं ते चावून गिळलं.
चेकर म्हणला तिकीट दाव,
शेळी म्हणली पोटात हाय, हुडक की राव!

सीताफळ
मेले मी 😂 आमच्या छोट्या साहेबांना आत्ताच वाचून दाखवलं, "हुडक की राव" सात वेळा म्हणून घेतलंय.

पैठणचा_रेडा
एक दुरुस्ती. शेळी बाई आहे, तिला अर्धं तिकीट. २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात एसटी आहे. बोकड असता तर पूर्ण.

खडूफळा
यात पुढचं कडवं पाहिजे, हीच तर जागा आहे. तीनदा घडू द्या. आधी शेळी तिकीट खाते, मग शेजारच्या आजीची केळी, मग चेकरचं पावतीपुस्तक. आणि शेवटी उलटा धक्का. मी पोरांना अर्धी गोष्ट सांगून सोडतो, शेवट ती करतील. वळूभाऊ, चालंल ना?

देवणी_वळू
चालंल की. माझं काय नाव बिव टाकू नका, गाववाले चिडवत्याल.

अंबाजोगाईकर_गुरुजी
तात्पर्य: प्रवास संपेपर्यंत तिकीट जपून ठेवावे. 🙂

पैठणचा_रेडा
गुरुजींना साष्टांग.

दुधनाकाठची
तीन दिवस कार्यक्रम होता घरात म्हणून यायला उशीर झाला, आल्यावर बघते तर धागा कुठल्या कुठं गेलेला! सगळं सासऱ्यांना वाचून दाखवलं. गुणाढ्य त्यांना माहिती होता, गोगलगायीवर लै हसले (आमचं पण सोयाबीनच). टोपीवाल्या उंदराचं ऐकून मात्र म्हणले ही तर मीच सांगितली होती माझ्या पोरांना, आणि मग लेकीला मांडीवर घेऊन पूर्ण सांगितली, ढोलाच्या आवाजासकट, ताटलीवर चमचा वाजवून. शेवटी काही विचारलं नाही. लेकीनंच त्यांना विचारलं, "आबा, उंदराला टोपी कशाला लागते?" त्यावर त्यांचं अजून चालू आहे.

खडूफळा सर, तुमच्याकडं ग्रफलो आहे, पण गोगलगायीचं नसंल तर माझ्याकडचं पाठवू का? फड कधी माघारी येतो तोवर ठेवा वसतिगृहात, घाई नाही. कव्हर थोडं फाटलंय, चिकटपट्टी लावलीय.

खडूफळा
पाठवा ताई, लै उपकार. पाडव्याच्या आसपास फड माघारी येतो, तोवर ठेवतो. एसटीच्या पार्सलनं टाका, मी स्टँडवरून घेतो, पत्ता निरोपात कळवतो. आणि शेळीच्या गोष्टीची चित्रं पोरं काढायलीत, झाली की फोटो टाकतो. सध्या तरी सगळ्यांनी शेळी सीटवर अन् आजी खाली बसवलीय.

देवणी_वळू
सर चित्रात शेळी काळी काढा म्हणावं, कान लोंबते. उस्मानाबादी हाय ती. पांढरी काढली तर मला वळखू यायची नाही.